दावणीची रिकामी जागा

बातमीपत्राच्या या पानावर आम्ही नेहमी बेणे, बेसल डोस, पाचट कुजविणे आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहीत असतो. या खेपेचा विषय निराळा आहे. पण तो शेतकऱ्याच्या घरातलाच आहे, म्हणून या पानावर त्याला जागा मागून घेतली.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. सुरू लागणीच्या नोंदी घेत आम्ही गटातील एका वयस्कर सभासदांच्या वस्तीवर गेलो. एरवी हे आबा लांबूनच हाक मारायचे, "या साहेब, चहा टाकायला सांगतो." त्या दिवशी ते गोठ्याच्या उंबऱ्यावर गप्प बसून होते. दावणीला एकच बैल होता. शेजारची जागा झाडून लख्ख केलेली, गव्हाणीत मूठभर वैरण तशीच पडलेली. त्यांचा सर्जा चार दिवसांपूर्वी गेला होता. पंधरा वर्षे त्याने आबांची बाळबांधणी केली. कोवळ्या उसाच्या सरीत कोंबावर खूर न ठेवता चालणारा बैल होता तो.

आम्ही आमच्या सवयीप्रमाणे विचारले, "खड्डा खोल घेतला का? चुना टाकला का?"

आबा म्हणाले, "ते समदं झालं साहेब. मी आठवणीचं इचारतोय. त्याच्या नावानं काय तरी करावं असं मनात हाय. पण लोक हसत्याल न्हवं? बैलाचं काय एवढं म्हंत्याल."

आमच्या पदविकेच्या पुस्तकात याचे उत्तर नव्हते. आम्ही नोंदवही मिटली आणि "बघू" म्हणून निघालो. त्यांना तेव्हा जे सांगायला हवे होते, ते आज लिहीत आहोत.

आमच्या घरची गोष्ट

आधी आमच्या घरचे सांगतो, म्हणजे दुसऱ्याला उपदेश केल्यासारखे होणार नाही. १९९८ साली कृषी पदविकेला आमचा प्रवेश झाला. फीचे पैसे कमी पडत होते. घरात राजा नावाचा म्हातारा खिल्लार बैल होता. वडिलांनी त्याला आठवडी बाजारात नेले आणि संध्याकाळी मोकळा कासरा घेऊन परत आले. बैल कोणी घेतला, पुढे त्याचे काय झाले, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्यांनी राजाच्या गळ्यातली घाट तेवढी मागे ठेवली होती. ती गोठ्याच्या खुंटीला टांगली. दर बेंदराला सगळ्या जनावरांना पुरणपोळी भरवून झाली की एक घास ते त्या घाटीपुढे ठेवत. आम्हाला त्या वयात ते चमत्कारिक वाटे. वडील गेल्यावर घाट आमच्याकडे आली. आता तो घास आम्ही ठेवतो.

तेव्हा आबांना पहिले उत्तर असे, की लोक हसोत वा न हसोत, बैलाची आठवण ठेवणे हा आपल्याकडे वेडेपणा कधीच नव्हता.

हजार वर्षांपूर्वीचा दगड

याला पुरावा आहे. कर्नाटकात मंड्या जिल्हा आहे. आपल्यासारखाच उसाचा मुलूख. तिथे आतकूर नावाच्या गावी इ. स. ९४९-५० चा एक शिलालेख मिळाला. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बुतुग यांचा तो काळ. बुतुगाच्या पदरी मणलेर नावाचा वीर होता. लढाईतल्या पराक्रमावर खूश होऊन धन्याने त्याला "माग काय हवे ते" म्हटले, तेव्हा मणलेराने काली नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे एका टेकडीवर या कुत्र्याची मोठ्या रानडुकराशी झुंज झाली आणि त्यात दोघेही मेले. मणलेराने गावच्या देवळासमोर कालीचा दगड उभा केला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. पूजा न करता जो पुजारी जेवेल त्याला पाप लागेल, असेही दगडावर कोरून ठेवले. कुत्रा आणि डुक्कर यांची झुंज कोरलेला तो दगड आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे.

रायगडावरील वाघ्या कुत्र्याचा पुतळा आपणा सर्वांना माहीत आहे. तो १९३६ साली बसविला गेला. त्याच्या कथेला समकालीन कागदाचा आधार नाही म्हणून त्यावर वाद आहे. आतकूरच्या कालीची गोष्ट मात्र दगडावरच लिहिलेली आहे. मणलेराने नुसता दगड उभा करून भागविले नाही, जमीनही लावून दिली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मातीला आपला हात

जनावराचा पहिला मान म्हणजे त्याची माती नीट करणे. इथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. पूर्वी गावात मेलेले ढोर ओढायचे काम आपण ठरावीक समाजावर लादले होते. ज्या बैलाला सणाला ओवाळायचे, तो मेला की त्याला हात लावायचा नाही आणि जो हात लावील त्याला शिवायचे नाही, अशी आपली रीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे आपल्या बांधवांना बजावले आणि अशी कामे टाकून देण्याची चळवळ पुढे गावोगाव गेली. ते योग्यच झाले. ज्याच्या दावणीचे जनावर, त्याची माती त्यानेच करावी. आबांनी जेसीबीने खड्डा काढून घेतला, पण माती लोटायला ते, त्यांची दोन्ही मुले आणि नातू असे सगळे उभे राहिले. आमच्या मते सर्जाचा खरा मान तिथेच झाला.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. भावनेच्या भरात त्या राहून जातात.

१) जनावर एकाएकी मेले, पोट फुगले, नाकातोंडातून किंवा शेणाच्या वाटेने न गोठणारे काळपट रक्त आले, तर फाशी (काळपुळी) रोगाचा संशय धरावा. अशा जनावराला हात लावू नये, कातडे काढू नये, फाडू नये. आधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवावे. या रोगाचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि माणसालाही होतात.

२) जनावराचा विमा असेल तर पुरण्याआधी विमा कंपनीला आणि डॉक्टरांना कळवावे. कानातला बारा आकडी बिल्ला काढून टाकू नये. शवविच्छेदनाचा दाखला नसेल तर दावा अडतो.

३) खड्डा सहा ते आठ फूट खोल असावा. विहीर, बोअर, पाट यांपासून निदान शंभर फूट लांब आणि पाणी न साचणाऱ्या जागी घ्यावा. खाली-वर चुना टाकावा. आपल्याकडे मीठ घालण्याचीही चाल आहे, तीही पाळावी. माती वर उंचवटा राहील इतकी भरावी, कारण पुढे ती खचते. ओढ्यात वा कालव्यात जनावर टाकणे हे पाप तर आहेच, शिवाय खालच्या गावच्या पाण्याचे ते वैर आहे.

४) कुत्रा गेला आणि त्याआधी तो चावरा झाला होता, लाळ गाळत होता, त्याचा आवाज बदलला होता, तर उघड्या हाताने उचलू नये. तो ज्यांना चावला वा ज्यांच्या जखमेला त्याची लाळ लागली, त्यांनी जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरच्या माणसाचा जीव आधी, रडणे मग.

झाड, घाट आणि मातीचा बैल

झाड लावणे सर्वांत उत्तम. मात्र ताज्या खड्ड्यावर लावू नये. एक पावसाळा जाऊ द्यावा, माती बसली की मग कडुलिंब, करंज, आंबा, चिंच जे मानवेल ते लावावे. जागा बांधाकडेची धरावी, उसाच्या सरीतली नको. नाहीतर दहा वर्षांनी मुले सावलीचे निमित्त काढून झाड तोडतील आणि आठवणही जाईल.

घाट, घुंगरमाळ, शेंब्या, झूल ही लेणी भंगारात घालू नयेत. एक तरी वस्तू घरात राहावी. नव्या बैलाला जुन्याची घाट बांधतात, तेही आम्हाला आवडते. आवाज तोच राहतो. काही जण नव्या वासराला जुन्याचेच नाव देतात. त्यात दोष काही नाही. फक्त नव्याकडून जुन्याच्याच चालीची अपेक्षा धरून त्याला चाबूक ओढू नये.

आषाढातल्या बेंदराला किंवा श्रावण अमावास्येच्या पोळ्याला ज्या घरी बैल नाही, तिथे मातीच्या बैलांची पूजा होते. दावण रिकामी झालेल्या घरालाही ही सोय आहेच. २०२२ साली लम्पीच्या साथीत पुष्कळ दावणी मोकळ्या झाल्या. शासनाने बैलामागे २५,००० रुपयांची मदत दिली. त्याने नड भागली, पण सणाच्या दिवशी गोठ्यात जायला बाईमाणसांचे पाय उचलत नव्हते. अशा घरी मातीचा बैल करून त्याला गेलेल्याच्या नावाने हाक मारली, तर पोरांनाही मोकळे रडता येते.

बैलाचा दहावा, तेरावा केल्याच्या बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रात येतात. ज्याची ऐपत त्याने चार माणसे जेवू घालावीत, आम्ही नाही म्हणणार नाही. पण कर्ज काढून पंगत उठवू नये. बैलाने आयुष्यभर आपले कर्ज ओढले, त्याच्या नावावर नवे कशाला?

फडावर येणारे बैल

आता मुख्य सांगायचे ते. आपल्या फडावर तोडणीला येणाऱ्या बैलगाड्या आठवा. लांबून उचल घेऊन येणारी ही माणसे. कित्येकांचा बैल उचलीच्या पैशातूनच घेतलेला असतो. हंगामात बैल पडला तर गाडीवानाची मजुरी थांबते, उचल अंगावर राहते आणि परक्या गावात बैल पुरायला चार हात जागा मिळत नाही. रात्री रस्त्याकडेला मेलेल्या बैलाजवळ बसलेले नवरा-बायको आम्ही पाहिले आहेत. त्या बैलाचे नाव कोणी विचारत नाही.

ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. दिवसात नऊ तासांहून जास्त आणि विसाव्याशिवाय सलग पाच तासांहून जास्त काम घ्यायचे नाही. जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो, तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचे नाही. हे नियम किती पाळले जातात, हे तुम्ही आणि आम्ही दोघेही जाणतो. ऊस लवकर जावा म्हणून "अजून एक मोळी टाक" असे म्हणणारे आपणच असतो आणि वजनकाट्यावर गाड्यांच्या रांगेत बैलांना ताटकळत ठेवणारे आम्ही असतो. दोष वाटून घेतला पाहिजे.

गेल्या हंगामात पुन्हा आबांच्या वस्तीवर जाणे झाले. फडाच्या तोंडाशी, गाडीवाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते तिथे, त्यांनी सिमेंटचा हौद बांधला होता. ठिबकच्या मोटरीवरून एक नळी त्यात सोडलेली. कामाच्या बैलाला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज लागते. आबांच्या फडावरच्याच नव्हे, तर वाटेने जाणाऱ्या सगळ्या गाड्या तिथे थांबत होत्या. हौदाच्या कडेला ओल्या सिमेंटात नातवाने खिळ्याने लिहिले होते : सर्जा. अक्षर वाकडे, पण वाचता येत होते. गेल्या माघात एका गाडीवानाचा बैल तिथेच पडला, तर आबांनी बांधाकडेला त्यालाही जागा दिली. सर्जाच्या शेजारीच.

आम्ही विचारले, "आबा, लोक हसले का?"

ते म्हणाले, "हसले की दोघं-चौघं. मग त्यांच्याच फडावरच्या गाड्या हितं पाणी प्यायला लागल्या."

सभासद बंधू-भगिनींनो, ज्यांच्या घरची दावण रिकामी झाली असेल त्यांनी दुःख लपवू नये. झाड लावा, घाट जपा, सणाला नाव घ्या. आणि जमेल त्याने येत्या हंगामाआधी आपल्या फडाच्या तोंडाशी जनावरांना पाण्याची सोय करावी, गाडीवानाच्या जनावरावर वेळ आली तर बांधाकडेची चार हात जागा नाकारू नये, एवढी आमची विनंती आहे. लागण नोंदीला आम्ही येऊ तेव्हा हौद दाखवा. त्यावर कोणाचे नाव आहे, तेही सांगा.

ऊस विकास अधिकारी