घेरीची गोळी : कोणती आणि किती दिवस?

महाडहून रायगडाकडे जाणारी एस.टी. वाटेत नात्याला थांबते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म इथला, 1896 चा. त्यामुळे गावाचे नाव पुस्तकांत आले. आमचा विषय मात्र याच भागातील बौद्धवाडीतल्या एका आक्कांचा आहे. त्यांचे नाव पुस्तकात येणार नाही, आणि इथेही देत नाही.

पहाटे पाण्याला जायचे म्हणून आक्कांनी कूस बदलली आणि कौलांसकट घर फिरू लागले. पोटात ढवळून उलटी झाली. अर्ध्या मिनिटात सारे थांबले. पुन्हा मान वळवली, पुन्हा तेच. घरच्यांना वाटले बी.पी., शेजारणीला वाटले बाहेरची बाधा. लिंबू उतरवून झाले. दीक्षा घेऊन तीन पिढ्या झालेल्या घरात लिंबू आले याची त्यांच्या मुलाला आजही लाज वाटते. मी आक्कांना दोष देणार नाही, घर गरगरत असताना डोके ठिकाणावर ठेवणे सोपे नसते. पण विनयपिटकातील महावग्गात औषधांवर एक अख्खा खंधक आहे, तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे भगवंतांनी आजारी भिक्खूंना मोकळी करून दिली होती, एवढी आठवण घरात कुणाला तरी असायला हवी होती.

मग डॉक्टर झाले. त्यांनी पाच दिवसांची गोळी लिहून दिली, गोळीने मळमळ थांबली. त्यानंतर चिठ्ठी मळून फाटली तरी दुकानातून तीच गोळी येत राहिली, दीड वर्ष! 14 एप्रिलला मुंबईहून आलेल्या मुलाने पाहिले, आईचे हात कप धरताना थरथरतात, चालताना पाय घसटतात. वय झाले, असे सगळे म्हणत होते. वय झाले नव्हते, गोळी झाली होती.

ही गोळी प्रोक्लोरपेराझिनची. उलटी आणि जोराची घेरी दाबायला ती उत्तम, पण दोन-चार दिवसांसाठी. महिनोन् महिने घेतली तर कंपवातासारखी थरथर आणि अंगाचा ताठरपणा येऊ शकतो, वयस्कर माणसांत अधिक. सिनारिझिनचेही तसेच. शिवाय या गोळ्यांनी गुंगी येते. चुलीपुढे बसणाऱ्या बाईने, विळा चालवणाऱ्याने, एम.आय.डी.सी.त यंत्रावर उभे राहणाऱ्या भावाने हे ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट फार कमी जण सांगतात. कानाचा तोल बिघडला की मेंदू हळूहळू नवा तोल शिकतो, पण गुंगीची गोळी रोज चालू राहिली तर हे शिकणे लांबते.

कानाचा आणि तोलाचा काय संबंध, असे वाचक विचारतील. पूर्वी डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. डोक्यात रक्त चढते असे ते म्हणत. 1861 साली पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी दाखवून दिले की अशी घेरी आतल्या कानातून येऊ शकते. पुढे रॉबर्ट बारानी यांनी कानात गार आणि कोमट पाणी सोडून डोळे कसे हलतात ते तपासले. 1914 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

आतल्या कानात पाण्याने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. शेजारच्या पिशवीत चुन्याचे बारीक कण असतात. ते सुटून नळीत शिरले की मान वळवताच पाणी हलते आणि जग फिरते. आक्कांचा आजार हाच. यावर गोळी उपाय नव्हे, कण जागेवर न्यावे लागतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ रुग्णाला झटकन आडवे करून डोळे पाहतात, कोणता कान ते ठरवतात, मग मान ठरावीक क्रमाने वळवतात. अमेरिकेतील डॉ. एप्ली यांनी ही रीत 1992 साली प्रसिद्ध केली. दहा-पंधरा मिनिटांचे काम, पुष्कळांना एकदोन खेपांतच आराम पडतो. घरी मात्र कुणी आपल्या मनाने मान मुरगळू नये.

घेरी तासन् तास राहते, कानात आवाज येतो, ऐकू कमी येते, असे असेल तर तो मेनिएरचा आजार असू शकतो. त्यात डॉक्टर बहुधा बीटाहिस्टिन देतात. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर आधी सांगावे. या गोळीचा फायदा किती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. जर्मनीत 221 रुग्णांवर झालेल्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खरी गोळी आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. म्हणून ती फेकून द्या असे मी म्हणत नाही, पण तीन महिन्यांनी 'अजून लागते का?' असे डॉक्टरांना जरूर विचारा. मिठावरही हात आवरावा लागतो, आणि इथे आपली पंचाईत! सुकट, खारे बोंबील, पापड सोडून कोकणातला माणूस जेवणार काय? सोडू नका म्हणा, पण रोज नको.

घेरीबरोबर बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, तर तो कान नव्हे. गोळीची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. नात्याहून महाड जवळ आहे.

आक्कांना मुलगा मुंबईला घेऊन गेला. तिथल्या सरकारी रुग्णालयात दुसऱ्या खेपेला घेरी गेली. गोळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे कमी करत बंद झाली, थरथर ओसरायला चार-पाच महिने लागले. डाव्या कुशीवर त्या अजून झोपत नाहीत. भीती आहे, म्हणतात. यंदाच्या 20 मार्चला मात्र चवदार तळ्यावर आल्या, नातीचा हात धरून, आणि पिशवीत जुन्या गोळ्यांची उरलेली अर्धी पट्टी होती. मी विचारले, ही कशाला? म्हणाल्या, "दादा, वाडीत कुणाला लागली तर!"

ती पट्टी मी मागून घेतली.