खाण बुजते, झरे बुजत नाहीत

तुमच्या गावात एखादी जुनी विहीर दगडमाती टाकून बुजवलेली असेल. वरून पाहिले तर तेथे सपाट जमीन दिसते. परंतु विहिरीचे झरे नाहीसे झालेले नसतात. त्यांचे पाणी आता त्या भरावातून वाट काढते. त्या भरावात मीठ असते तर? ते विरघळून पाण्याबरोबर पुढे निघाले असते. हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियातील रेंजर या युरेनियमच्या खाणीपाशी उभा आहे.

या खाणीच्या सभोवार काकाडू राष्ट्रीय उद्यान आहे आणि शेजारून मगेला ओढा वाहतो. ओढ्यातील मासे व शिंपले हे तेथील मूळ रहिवाशांचे अन्न. १९८० ते २०१२ या काळात येथे दोन प्रचंड खड्डे खणले गेले. युरेनियम काढून घेतल्यावर दळलेल्या दगडाचा ओला चोथा उरतो. त्यात रेडियम, मँगनीज व थोडे युरेनियम असते. हा चोथा खड्ड्यांतच परत टाकायचा आणि वर टाकाऊ दगड पसरायचे, असे ठरले. पण टाकाऊ दगडही निरुपद्रवी नसतात. त्यांतील गंधकयुक्त खनिजांपासून हवा व पाण्यामुळे आम्ल बनते, त्याची मॅग्नेशियमच्या खनिजांवर क्रिया होते आणि मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात उतरते.

खोदकाम चालू असताना पंपाने पाणी उपसले जाते, म्हणून भूजल सर्व बाजूंनी खड्ड्याकडे वाहते. पंप बंद झाला की पातळी चढते आणि कालांतराने प्रवाह उलट फिरतो. तो ओढ्याच्या दिशेने जाऊ लागतो.

तो किती वेगाने जाईल? याचे उत्तर फ्रेंच अभियंता आंरी दार्सी याने १८५६ साली दिले. भूजलाचा प्रवाह दोन गोष्टींवर अवलंबून असतो: पातळीचा उतार आणि थराची पार्यता, म्हणजे पाणी जाऊ देण्याची क्षमता. उदाहरणादाखल असे समजा, की एका थरातून पाणी वर्षाला ४ मीटर सरकते. त्याच उतारावर पार्यता हजारपट कमी केली, तर ते वर्षाला अवघे ४ मिलिमीटर सरकेल. दहा हजार वर्षांत पहिले पाणी ४० किलोमीटर जाईल, दुसरे ४० मीटर!

दहा हजार हा आकडा उगाच घेतलेला नाही. चोथ्यातील दूषित द्रव्यांमुळे निदान १०,००० वर्षे परिसराला अपाय होऊ नये, अशी अटच या खाणीवर घातलेली आहे. माणसाला लोखंड वितळवण्याची कला अवगत होऊनही इतकी वर्षे झालेली नाहीत.

मग उपाय कोणते? पहिल्या खड्ड्यातील चोथ्यात २०१२ मध्ये प्लॅस्टिकच्या हजारो उभ्या पट्ट्या खोलवर रोवल्या गेल्या आणि वर दगडांचे वजन ठेवले गेले. ओला स्पंज दाबावा तसे पाणी पट्ट्यांवाटे वर आले. ते गोळा करून शुद्ध करता येते. शिवाय दबलेला चोथा घट्ट होतो व त्याची पार्यता घटते. हा खड्डा २०२० मध्ये भरून झाला. दूषित पाण्याचे ऊर्ध्वपातन करणारे यंत्रही तेथे बसवले गेले. त्यातून उरणारे तीव्र खारे पाणी दुसऱ्या खड्ड्याच्या तळाशी सोडण्याची योजना आखली गेली. ते साध्या पाण्याहून जड असल्यामुळे तळाशीच राहण्याकडे त्याचा कल असतो.

यांपैकी कोणताही उपाय विष नाहीसे करीत नाही. तो केवळ त्याची वाटचाल मंद करतो. म्हणूनच खाण बुजल्यावरही निरीक्षण-विहिरींतील व ओढ्यातील पाणी तपासत राहावे लागते. येथील युरेनियमचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले; राखणीचे काम मात्र पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आले आहे.

शाळेत एक प्रयोग करून पाहा. तळाला भोके पाडलेल्या दोन डब्यांपैकी एकात वाळू व दुसऱ्यात घट्ट दाबलेली चिकणमाती भरा. दोन्हींत सारखेच शाईचे पाणी ओता आणि खाली पहिला निळा थेंब केव्हा पडतो, ते घड्याळ लावून मोजा. दार्सीचा नियम तुमच्या डोळ्यांपुढे उभा राहील.