जलवाहिन्यांचा नकाशा कोणाच्या ताब्यात?

लहान नगरपालिकेच्या जलवाहिन्यांचा खरा नकाशा बहुधा कागदावर नसतो. तो जुन्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतो. कोणत्या बोळात बिडाची वाहिनी वळते, कोणता व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेला, हे त्यालाच ठाऊक. तो निवृत्त झाला की एका गळतीसाठी रस्ता तीन ठिकाणी खणला जातो. संगणकीय नकाशाची निकड आहे ती येथे. निविदा मात्र निघते सॉफ्टवेअरची, आणि त्यातही नामवंताची.

अमेरिकेतील ईएसआरआय ही १९६९ साली स्थापन झालेली कंपनी. तिच्या आर्कजीआयएसच्या सामर्थ्याविषयी वाद नाही. महानगराच्या पाणीखात्याला ते शोभूनही दिसेल. परंतु तीन संगणक आणि एक कनिष्ठ अभियंता एवढ्याच बळावर चालणाऱ्या खात्याने परवान्याचे शुल्क का मोजत राहावे? २००२ साली गॅरी शर्मन यांनी आरंभिलेले क्यूजीआयएस विनामूल्य आहे, कितीही संगणकांवर बसवता येते, आणि वाहिनीचा व्यास, धातू, टाकल्याचे वर्ष नोंदवण्यास ते पुरून उरते. पाण्याच्या दाबाचे गणित करणारे एपानेट हेही अमेरिकी पर्यावरण संस्थेने १९९३ पासून विनामूल्य उपलब्ध करून दिलेले आहे. अर्थात फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. परवान्यावर वाचलेला पैसा मोजणीवर आणि प्रशिक्षणावर खर्च झाला नाही, तर पडद्यावर रिकामा नकाशा तेवढा उरेल.

याहून नाजूक प्रश्न माहितीच्या मालकीचा. ठेकेदार काम संपवून जातो आणि नगरपालिकेच्या हाती छापील नकाशांची गुंडाळी राहते. मूळ माहिती त्याच्याच संगणकात! ती कोणत्या स्वरूपात सुपूर्द व्हावी, याची अट करारातच हवी. प्रचलित शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात. यूनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे तीन चिन्हांत नाव आटोपले. ‘व्यास’ हा शब्दसुद्धा त्यात मावत नाही. २०१४ साली मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या जिओपॅकेजला हे बंधन नाही, आणि ते दोन्ही सॉफ्टवेअरांत उघडते. उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी नकाशा हातचा जात नाही.

तोवर, निविदेची वाट न पाहता, व्हॉल्व्हमनला निवृत्तीपूर्वी महिनाभर मोजणीदाराबरोबर गावातून फिरवता येईल. त्यासाठी कोणत्याही परवान्याची आवश्यकता नाही.