आधी उत्तर, मग प्रश्न : मर्व्ह ग्रिफिन

गाण्यातून दूरदर्शनच्या पडद्यावर

मर्व्ह ग्रिफिन यांचा जन्म ६ जुलै १९२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओ इथला. फ्रेडी मार्टिन यांच्या वाद्यवृंदात ते गात आणि १९५० च्या सुमारास त्यांचं नारळांवरचं एक मजेशीर गाणं अमेरिकाभर गाजलं. वॉर्नर ब्रदर्सच्या काही चित्रपटांत कामं मिळाली, पण तिथं जम बसला नाही. १९५८ पासून ‘प्ले युवर हंच’ या खेळाचं सूत्रसंचालन करताना मात्र त्यांना आपली खरी जागा सापडली.

गप्पांची दोन दशकं

‘द मर्व्ह ग्रिफिन शो’ १९६२ मध्ये सुरू झाला. मधला थोडा खंड आणि वाहिन्यांची अदलाबदल पचवत तो १९८६ पर्यंत चालला. ग्रिफिन समोरच्याला बोलू देत, आणि मला हा त्यांचा सर्वांत मोठा गुण वाटतो. नटनट्यांच्या जोडीनं त्यांनी तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनाही प्रेक्षकांसमोर आणलं. रसेल यांनी तर १९६५ मध्येच या कार्यक्रमात व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला. १९७५ मध्ये महर्षी महेश योगी पाहुणे म्हणून आले आणि त्यानंतर अमेरिकेत त्यांचं भावातीत ध्यान शिकणाऱ्यांची संख्या झपाट्यानं वाढली.

विमानात सुचलेला खेळ

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रश्नमंजुषांचा मोठा घोटाळा उघडकीला आला होता. ‘ट्वेंटी-वन’सारख्या कार्यक्रमांत निवडक स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवली जात. चार्ल्स व्हॅन डोरेन या लाडक्या विजेत्यानं १९५९ मध्ये संसदीय समितीपुढं तशी कबुली दिली आणि या प्रकारावरचा लोकांचा विश्वासच उडाला.

१९६३ मध्ये डलूथहून न्यूयॉर्कला जाताना विमानात ग्रिफिन यांची पत्नी ज्युलॅन म्हणाली, मग स्पर्धकांना उत्तरंच देऊन टाकू या. त्यानं तर आपण तुरुंगात जाऊ, असं ग्रिफिन म्हणताच तिनं एक आकडा टाकला : ५,२८०. त्यांच्या तोंडून निघालं, एका मैलात किती फूट? खेळ तिथंच तयार झाला. जी गोष्ट बदनाम झाली होती तीच तिनं उघडपणे नियम म्हणून मांडली. या कल्पनेचं श्रेय ज्युलॅनचं, आणि ते स्पष्ट सांगायलाच हवं. ग्रिफिनही ते तिला देत.

हा खेळ ‘जेपर्डी!’ या नावानं ३० मार्च १९६४ रोजी एनबीसी वाहिनीवर आला. चुकलात की प्रश्नाच्या किमतीइतकी रक्कम वजा, हा त्यातला कस. शेवटच्या फेरीत स्पर्धक विचार करत असताना वाजणारी तीस सेकंदांची धून ग्रिफिन यांची स्वतःची. ती मुळात त्यांनी मुलासाठी अंगाई म्हणून बांधली होती. तिच्या मानधनातून आपण सात कोटी डॉलरहून अधिक कमावले, असा त्यांचा अंदाज होता.

चाक फिरलं

जानेवारी १९७५ मध्ये ‘जेपर्डी!’ बंद झाला. लगेच ६ जानेवारीला ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’ सुरू झाला. लहानपणी प्रवासात बहिणीबरोबर खेळलेला अक्षरं ओळखण्याचा खेळ आणि जत्रेतलं नशिबाचं चाक, एवढ्यावर तो उभा आहे. घरी बसलेला माणूस स्पर्धकाच्या आधी शब्द ओळखतो आणि पडद्याकडं बघून ओरडतो. ग्रिफिन यांची सारी कारागिरी त्या ओरडण्यासाठी होती. १९८३ पासून हा खेळ संध्याकाळी स्थानिक केंद्रांवरून दिसू लागला. पाठोपाठ १९८४ मध्ये सूत्रसंचालक म्हणून अलेक्स ट्रेबेक यांना घेऊन ‘जेपर्डी!’ही परतला.

विक्री आणि पुढं

१९८६ मध्ये त्यांनी आपली निर्मितिसंस्था कोका-कोलाच्या मालकीच्या कोलंबिया पिक्चर्स टेलिव्हिजनला २५ कोटी डॉलरना विकली. त्यानंतर हॉटेल व्यवसायात उतरून बेव्हर्ली हिल्टन विकत घेतलं. १२ ऑगस्ट २००७ रोजी कर्करोगानं त्यांचं निधन झालं, तेव्हा शब्दकोड्यांवरच्या त्यांच्या नव्या खेळाचं काम चालू होतं. तो पुढच्याच महिन्यात प्रसारित झाला.