फोनवरचे पान फोनवरच तपासा

वेबपान बिघडले की दोष नेमका कुठे आहे, हे चालत्या पानात डोकावूनच कळते. जो ह्युइट यांनी २००६ साली फायरफॉक्ससाठी 'फायरबग' आणले आणि संगणकावर ही सोय हाताशी आली. पुढच्याच वर्षी आयफोन आला. वाचक फोनकडे वळू लागला, पण तळहाताएवढ्या पडद्यावर तपासणीची खिडकी उघडणार कुठे? कोडमध्ये जागोजागी 'अलर्ट' संदेश पेरून अंदाज बांधणे एवढेच प्रोग्रामरच्या हाती उरले.

यातून वाट निघाली ती पान फोनवर आणि तपासणी संगणकावर, अशी. ऑपेराच्या 'ड्रॅगनफ्लाय'ने २००८ मध्ये ती दाखवली. २०१२ साली अॅपलने आयओएस ६ मध्ये आणि गूगलने अँड्रॉइडच्या क्रोममध्ये ही सोय अंगभूतच दिली.

अँड्रॉइडवर 'बिल्ड नंबर' सात वेळा दाबला की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करून फोन केबलने जोडायचा. या संगणकाला परवानगी द्यायची का, असे फोन विचारतो. होकार दिला की संगणकावरच्या क्रोमच्या 'इन्स्पेक्ट' पानावर फोनमधले उघडे टॅब दिसू लागतात. पुढे केबलमधून दोन्हीकडे निरोप जातात: या घटकाची माहिती दे, या ओळीवर थांब, हा रंग बदल. पान मात्र फोनच्याच प्रोसेसरवर, त्याच्याच मेमरीत आणि त्याच्याच फॉन्टमध्ये चालत असते.

मराठी पानांसाठी यातला फॉन्टचा मुद्दा कळीचा आहे. समजा, शीर्षकाला 'मंगल' फॉन्ट नेमला आहे. तो विंडोजवर मिळतो, अँड्रॉइडसोबत येत नाही. तो बसवलेल्या विंडोजवरच्या क्रोममध्ये मोबाइलचा आकार निवडून पाहिले तर शीर्षक मंगलमध्येच नीटनेटके दिसते. केबल जोडून तेच शीर्षक निवडा आणि 'कम्प्युटेड' टॅबच्या तळाशी पाहा: प्रत्यक्ष वापरलेला फॉन्ट बहुधा 'नोटो सान्स देवनागरी' निघेल. अक्षरांची रुंदी बदलते, ओळ भलतीकडे तुटते. ओळीची उंची बेताची असेल तर वरच्या मात्रा आणि रफार कापले जाऊ शकतात. ती उंची संगणकावरून वाढवली की फोनवर तत्काळ फरक दिसतो. पूर्ण उंचीच्या पानातले तळाचे बटण अॅड्रेस बारमुळे पडद्याबाहेर ढकलले जाते, तेही संगणकातल्या नकली फोनवर कळत नाही.

अर्ज, निकाल, फीची पावती हे सारे आज अनेकांसाठी फोनवरच उघडते. न दिसणारे 'सबमिट' बटण त्यांचा अर्ज अडवते आणि चूक आपलीच झाली असे त्यांना वाटत राहते. म्हणून मराठी संकेतस्थळ करणाऱ्या प्रत्येकाने एक साधा, जुना अँड्रॉइड फोन टेबलावर ठेवावा आणि त्यावर तपासल्याशिवाय कोणतेही पान लोकांपुढे आणू नये. असा फोन, केबल आणि क्रोम असले की यासाठी वेगळा खर्च लागत नाही.