उष्णतावहनाच्या गणनातील सममिती-प्रतल

सममित पदार्थातील उष्णतावहनाचे गणन करताना त्याचा अर्धा भाग घेतला तरी पुरते. सममिती-प्रतलाच्या दोन्ही बाजूंस तापमान सारखेच असल्यामुळे प्रतलाशी लंब दिशेतील तापमान-प्रवणता शून्य होते. अर्थात प्रतल ओलांडून उष्णता वाहत नाही. गणितदृष्ट्या ही अट उष्णतारोधी पृष्ठाच्या अटीहून भिन्न नाही. प्रतलावरील तापमान मात्र आधी ठरवून द्यावयाचे नसते; ते उत्तरातूनच निष्पन्न व्हावयाचे असते.

ही अट लावण्यास केवळ आकाराची सममिती पुरेशी नाही. द्रव्याचे गुणधर्म, उष्णतेचे उगम, आरंभीचे तापमान आणि बाह्य पृष्ठांवरील परिस्थिती हीही त्याच प्रतलाभोवती सममित असावी लागतात. स्थिर हवेत उभी टांगलेली तप्त पट्टी दोन्ही बाजूंनी सारखीच निवते. तीच आडवी ठेवल्यास वरच्या व खालच्या पृष्ठांवरील हवेचे अभिसरण भिन्न होते आणि मध्यप्रतल हे सममिती-प्रतल राहत नाही.

गणनाच्या जाळ्यात प्रतलावरील बिंदूचे तापमान त० व आतील लगतच्या बिंदूचे त१ मानू. प्रवणता शून्य, म्हणून त० = त१ असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे सममिती-प्रतल अर्ध्या अंतराने आत सरकते व तेवढ्या भागात निर्माण होणारी उष्णता हिशेबातून गळते. योग्य रीत अशी की, प्रतलापलीकडे एक काल्पनिक बिंदू कल्पून त्याचे तापमान त१ इतके मानावे आणि उष्णतावहनाचे समीकरण त० च्या बिंदूसही लावावे.

उदाहरणार्थ, २ सेंटिमीटर जाडीच्या पट्टीत विद्युत्प्रवाहाने दर घनमीटरास १ कोटी वॅट उष्णता निर्माण होते, तिची उष्णतावाहकता दर मीटर-अंशास २० वॅट आहे आणि दोन्ही पृष्ठे एकाच स्थिर तापमानावर राखली आहेत, असे समजू. स्थायी अवस्थेत मध्यप्रतल पृष्ठांपेक्षा २५ अंशांनी अधिक तप्त असते. अर्ध्या जाडीचे १० समान भाग केल्यास योग्य रीतीने नेमके २५ अंश मिळतात; त० = त१ घेतल्यास २२.५ अंश. २० भाग केले, तरी उत्तर २३.७५ पर्यंतच पोहोचते.

ही चूक दुर्लक्षणीय नाही. पट्टीचे महत्तम तापमान मध्यावरच असते, आणि चुकीची रीत ते नेमके कमी दाखविते. म्हणून पृष्ठातून बाहेर पडणारी उष्णता आत निर्माण होणाऱ्या उष्णतेइतकी भरते की नाही, हा ताळा प्रत्येक गणनात घेणे इष्ट होय.