तांबी बसवताना दुखतं, हे आधी सांगायला हवं

"काही नाही हो, दोन मिनिटांचं काम आहे." तांबी बसवायला आलेल्या बाईला हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. काम थोड्या मिनिटांचंच, हे खरं. पण तेवढ्यात कुणाला पाळीसारखी कळ येते, कुणाला दरदरून घाम फुटून चक्कर येते. बदलापूरला घरी परतल्यावर ती हे शेजारणींना सांगते आणि मग त्याही तांबीचं नाव काढत नाहीत.

देशाच्या कुटुंब नियोजन कार्यक्रमात 1965 मध्ये 'लूप' आला, 2002 मध्ये कॉपर-टी 380 ए. ती दहा वर्षं काम देते, सरकारी रुग्णालयात मोफत बसते. साधन सुधारलं, दुखण्याचा विचार मात्र मागेच राहिला.

आधी गर्भाशयाचं तोंड चिमट्यानं धरतात, ती पहिली कळ. मग सळईनं खोली मोजतात आणि तांबी आत सरकवतात, तेव्हा गर्भाशय आकसतं. तोंडाच्या आणि वरच्या भागाच्या नसा वेगळ्या, त्यामुळे एका उपायानं सगळं दुखणं थांबत नाही. आधी घेतलेली आयबुप्रोफेनची गोळी नंतरचे पेटके कमी करते, बसवतानाची कळ फारशी नाही. मिसोप्रोस्टॉल तर सरसकट देऊच नये. त्यानं उलट पोटात कळा येतात.

उपयोग होऊ शकतो तो लिग्नोकेनचा. गर्भाशयाच्या तोंडाभोवती इंजेक्शन, किंवा जेल वा स्प्रे. अमेरिकेच्या 'सीडीसी'नं 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत त्याचा उल्लेख केला, आणि दुखण्याबद्दल प्रत्येकीशी आधी बोला, असंही सांगितलं. आपल्याकडे हे औषध काही दुर्मीळ नाही. बाळंतपणात टाके घालताना तेच टोचतात! अडतं ते वेळेपाशी. टोचल्यावर काही मिनिटं थांबावं लागतं आणि बाहेर रांग असते.

जिचं नैसर्गिक बाळंतपण झालेलं नाही, तिला जास्त दुखू शकतं. सिझेरियन झालेल्यांनी हे आधीच सांगावं. लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी असेल तर तेही. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत तोंड उघडंच असतं, तेव्हा बसवणं सोपं जातं. मात्र तांबी निसटण्याची शक्यता जास्त. आणि मधेच "थांबा" म्हटलं, तर डॉक्टरांनी हात थांबवलाच पाहिजे.

नंतर ताप, घाण वासाचा स्राव किंवा वाढत जाणारं दुखणं असेल तर लगेच दाखवावं. एरवी थोडा वेळ आडवं पडावं, चक्कर नाही ना ते बघावं, आणि मगच बदलापूर लोकलची गर्दी गाठावी.